पारदर्शक रेझिनच्या मॉडेलमधून नको तिथून उजेड फुटतो: कारणे आणि इलाज

मॉडेल दिवसा झकास दिसते. खोली अंधारी करून आतले एलईडी लावले की खिडक्यांबरोबर भिंतीही उजळतात, छताच्या कडेने पिवळी रेघ उठते, तळाच्या पट्टीतून उजेड टेबलावर सांडतो. मग वरून रंगाचा आणखी एक हात मारला जातो. उजेड जरा मंदावतो, पण फुटायचा काही थांबत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या हातानंतर बारीक नक्षीच बुजून जाते. बहुतेक वेळा रंग कमी पडलेला नसतो, रंगांचा क्रम चुकलेला असतो.

भरीव पारदर्शक रेझिनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) साधारण १.५ असतो. पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ४२ अंशांपेक्षा जास्त तिरके येणारे किरण त्यामुळे बाहेर न पडता आतच परततात. ते रेझिनमधून धावत राहतात आणि जिथे ओरखडा, बुडबुडा, कड किंवा रंगाचा थर भेटेल तिथे बाहेर पडतात. एलईडी एका टोकाला आणि उजेड दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात, हे कोडे त्यातूनच होते. प्लॅस्टिकच्या पोकळ किटमध्ये एलईडीच्या समोरची भिंत काळी केली की बरेचसे काम होते. रेझिनमध्ये भिंतच उजेड वाहून नेते, म्हणून उजेड कुठे अडवायचा हे रेझिन साच्यात ओतण्याआधीच ठरवावे लागते.

तयार मॉडेल हातात असेल तर आधी नेमके कारण शोधा. पूर्ण अंधार करा आणि डोळे सरावायला पाच मिनिटे थांबा. मग काळ्या इन्सुलेशन टेपचे छोटे तुकडे उजेड दिसणाऱ्या जागी एकेक करून दाबा. तुकडा लावल्यावर तेवढीच जागा विझली आणि बाकी भिंत काळीच असेल, तर तिथे रंगाला सुईछिद्र आहे किंवा कडेवर थर पातळ आहे. सगळी भिंतच मंद उजळत असेल तर अपारदर्शक थरच नाही. खिडकीच्या चौकटीभोवती एक-दोन मिलिमीटरची झळाळी असेल तर उजेड खिडकीच्या जाडीतून आडवा भिंतीत शिरतो आहे. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

रंगाला हात लावण्याआधी करंट कमी करा

हा सर्वात स्वस्त उपाय, आणि तोच सर्वात शेवटी आठवतो. साधा पांढरा एलईडी २० मिलिअँपिअरवर चालवला तर तो मॉडेलसाठी कितीतरी जास्त असतो. छोट्या प्रमाणातल्या इमारतीला किंवा रेल्वेच्या डब्याला २ मिलिअँपिअर सहसा पुरतात. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात असे धरा. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर उरलेले २ व्होल्ट रेझिस्टरने (करंट रोखणाऱ्या छोट्या सुट्या भागाने) झेलायचे, म्हणजे १ किलोओहम. १२ व्होल्टवर एकच एलईडी असेल तर ४.७ किलोओहम. लाल आणि पिवळ्या एलईडीवर २ व्होल्टच पडतात, त्यामुळे ५ व्होल्टवर त्यांना १.५ किलोओहम द्या.

रेझिस्टर बदलून पुन्हा अंधारात पाहा. डोळ्याला करंट निम्मा झालेला फारसा जाणवत नाही, पण रंगातून झिरपणारा उजेड मात्र दिसेनासा होण्याच्या पातळीला येतो. अर्धी दुरुस्ती इथेच होऊन जाते. एकाच रेझिस्टरवर चार-पाच एलईडी समांतर जोडू नका. प्रत्येकाचा व्होल्टेज थोडा वेगळा असतो, त्यामुळे एक भक्क पेटतो आणि बाकीचे मिणमिणतात. प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या, पाव वॅटचा पुरतो.

रंगांचा क्रम

भरीव मॉडेलला रंग बाहेरून लागतो, त्यामुळे रेझिनला चिकटणारा पहिला थर आतल्या उजेडाला सामोरा असतो. तो थेट काळा दिला तर उजेड अडतो खरा, पण गिळलाही जातो आणि खिडक्या मरगळतात. म्हणून आधी पांढरा किंवा ॲल्युमिनिअमसारखा चंदेरी एक हात, म्हणजे उजेड आत परत फिरेल. त्यावर मॅट काळ्याचे दोन हात, इथे उजेड थांबतो. मग राखाडी प्राइमर आणि शेवटी हवा तो रंग. पांढरा आणि चंदेरी यांतले काय घ्यायचे? गोल किंवा घनाकार मॉडेलला पांढरा बरा, उजेड सगळीकडे सारखा पसरतो. लांबट डब्याला चंदेरी बरा, उजेड दूरच्या टोकापर्यंत पोचतो.

पोकळ मॉडेल असेल आणि रंग आतून लावत असाल तर क्रम उलटा: भिंतीवर आधी काळा, त्यावर पांढरा. इथेच सर्वात जास्त गोंधळ होतो. आतून आधी पांढरा आणि मग काळा लावला की दिव्यासमोर काळी भिंत उभी राहते, आणि मग "एलईडी कमी पडतात" म्हणून आणखी एलईडी घातले जातात. शिवाय पोकळ मॉडेलला नुसते आतून रंगवणेही पुरत नाही. खिडकीच्या काचेच्या जागी रेझिन उघडेच असते. उजेड तिथून भिंतीच्या जाडीत शिरतो आणि चौकटीभोवती झळाळी उठते. बाहेरूनही काळा थर हवाच.

दीक्षाभूमीच्या स्तूपाचे उदाहरण घ्या, कारण पांढरा घुमट ही या कामातली सर्वात कठीण वस्तू आहे. मूळ घुमट सुमारे १२० फूट व्यासाचा, म्हणजे १:३०० प्रमाणात साधारण १२ सेंटिमीटर. आत दिवा लावला तर उजेड चार दिशांच्या दारांतून दिसायला हवा आणि घुमट स्वतः अंधारात राहायला हवा. पांढरा रंग कितीही जाड दिला तरी उजेड आरपार सोडतो, आणि अख्खा घुमट आकाशकंदिलासारखा पेटतो. पोकळ घुमट ३ मिलिमीटर जाडीचा घेऊन हा क्रम पाळा:

१. साच्यातून काढलेला घुमट भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. पूर्ण सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. साच्याचे तेलकट रिलीज (रेझिन साच्याला चिकटू नये म्हणून लावलेला थर) राहिले तर रंग तिथून मागे सरकतो आणि सुईछिद्रे पडतात.
२. दारांच्या कमानींवर आतून-बाहेरून मास्किंग टेप लावा. टेपची कड नखाने दाबून बसवा.
३. आतून मॅट काळ्याचे दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास. त्यावर पांढऱ्याचे दोन हात.
४. बाहेरून काळ्याचे दोन हात. इथेच थांबून अंधारात तपासा. तपासायला आतून मोबाइलचा टॉर्च लावा, तो एलईडीपेक्षा कितीतरी प्रखर असतो. टॉर्चला जे दिसत नाही ते २ मिलिअँपिअरला दिसणारच नाही.
५. जिथे ठिपके दिसतील तिथे बारीक ब्रशने काळा लावा. मग राखाडी प्राइमरचा एक हात आणि पांढऱ्याचे दोन-तीन.
६. टेप काढण्याआधी कडेने नवीन ब्लेड फिरवा, नाहीतर रंगाचे पापुद्रे टेपबरोबर निघून येतात.

काळ्यावर थेट पांढरा मारू नका, पाच हात लागतात. मध्ये राखाडी आला की दोन-तीनमध्ये भागते.

कडांचे दुखणे वेगळे आहे. ओला रंग धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमका कडेवर थर सर्वात पातळ राहतो. छताची कड, जोत्याची कड, खांबांचे कोपरे इथून उजेडाची रेघ फुटते ती यामुळेच. रंगाआधी ६०० नंबरच्या वॉटर पेपरने कडेवर दोन हलके हात फिरवा. कड डोळ्याला धारदारच दिसते, पण रंगाला धरायला जागा मिळते. शिवाय स्प्रेआधी सगळ्या कडांवर ब्रशने काळी रेघ ओढून घ्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात स्प्रे कॅनची आणखी एक खोड आहे. दुपारी हवा ४० अंशांच्या वर आणि कोरडी असते, त्यामुळे रंगाचे थेंब मॉडेलवर पोचेपर्यंत हवेतच अर्धे सुकतात. पृष्ठभाग खरखरीत होतो. दिसायला थर भरगच्च, पण आतून भोकाभोकांचा, आणि उजेड सगळीकडून ठिपक्या-ठिपक्यांनी झिरपतो. सकाळी सातच्या आत रंगवा आणि कॅन १५ सेंटिमीटरवर धरा. पावसाळ्यात उलट होते, दमट हवेत रंगावर पांढरट धुके येते. तेव्हा दुपारची कोरडी वेळ बघा.

एका ठोकळ्यात दोन रंगांचे दिवे

मेट्रोच्या डब्याला पुढे पांढरा हेडलाइट, मागे लाल दिवा, आत उबदार पांढरा. भरीव डब्यात हे तिन्ही एकमेकांत मिसळतात. मागचा दिवा गुलाबी दिसू लागतो आणि खिडक्यांवर लाल छटा येते. बाहेरून कितीही रंगवा, याला इलाज नाही, कारण उजेड आतल्या आत फिरतो.

पडदा आतच घालावा लागतो. नवीन काम असेल तर डबा तीन तुकड्यांत ओता, जोडाचे तोंड पांढऱ्याने आणि मग काळ्याने रंगवा, आणि तुकडे इपॉक्सीने चिकटवा. ओतलेला तयार डबा असेल तर तळातून बारीक करवतीने १ मिलिमीटरची खाच घ्या. छताला २ मिलिमीटर उरेपर्यंत कापा, खाचेत पातळ काळा रंग उतरू द्या, सुकल्यावर वरून ॲल्युमिनिअम फॉइलची पट्टी सरकवा. छतातल्या त्या २ मिलिमीटरमधून थोडा उजेड पलीकडे जातोच, पण छटा जाणवण्याइतका नसतो. फॉइल विजेची वाहक आहे हे विसरू नका. एलईडीचे उघडे पाय तिला टेकले की शॉर्ट.

हेडलाइटसारख्या ठिपक्याएवढ्या दिव्यांना ऑप्टिकल फायबर सर्वात सोपा. ०.७५ किंवा १ मिलिमीटरची तार काळ्या श्रिंक ट्यूबमधून (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीतून) न्या, एलईडी तळात ठेवा. फायबरला सुपरग्लू लावू नका. वळणावर ताण असतो तिथे फायबर ठिसूळ होऊन तुटतो. पांढरा फेविकॉल किंवा पाच मिनिटांचा इपॉक्सी चालतो. खिडक्यांजवळही सुपरग्लू नकोच. त्याच्या वाफेने पारदर्शक रेझिनवर पांढरा चुरा बसतो आणि तो पुसून जात नाही.

खिडकीत एलईडीचा ठिपका दिसतो

उजेड फुटायचा थांबला की पुढची तक्रार ही. अख्खी खिडकी उजळण्याऐवजी तीत एक झगझगीत बिंदू दिसतो. एलईडीचे तोंड खिडकीकडे असू नये. ते पांढऱ्या भिंतीकडे किंवा छताकडे वळवा, म्हणजे खिडकीला परतलेला उजेड मिळेल. घुमटात चार एलईडी तळात, तोंडे वर. दारांमागे बटर पेपरचा एक तुकडा.

साध्या ३ मिलिमीटरच्या गोल डोक्याच्या एलईडीचा झोत अरुंद असतो. त्याचे डोके कानशीने सपाट करा आणि ४०० नंबरच्या पेपरने खरवडा, आतल्या चिपपासून दीडेक मिलिमीटर दूर राहा. किंवा सरळ चपट्या डोक्याचा, रुंद झोताचा एलईडी घ्या. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात सुटे एलईडी मागताना "स्ट्रॉ हॅट" आणि "वॉर्म व्हाइट" ही दोन नावे सांगितली की काम होते. नुसते "पांढरा" म्हटले की निळसर मिळतो आणि घराच्या खिडकीत ट्यूबलाइट लावल्यासारखे दिसते.

खिडकीचा पृष्ठभागही मॅट हवा. आतल्या बाजूने ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल-गोल फिरवा. त्यानंतर तिथे चकचकीत वार्निश किंवा रेझिन लागू देऊ नका. खरवडलेल्या खाचा भरून निघतात, पृष्ठभाग पुन्हा आरपार होतो आणि ठिपका परत येतो. शेवटी संरक्षक वार्निश मारताना हीच चूक होते. मॅट वार्निश घ्या किंवा खिडक्या झाका.

दुपारी विझतो, रात्री लागतो

हे दुखणे एलईडी थेट रेझिनमध्ये ओतलेल्या मॉडेलांचे. एलईडीच्या चिपवर केसाहूनही बारीक तार असते. कडक रेझिन घट्ट होताना आक्रसते आणि पुढे गरम-गार होताना फुगते-आवळते. त्या ओढाताणीत तार किंवा सोल्डरचा जोड अर्धवट सुटतो. नवतप्यात (मे अखेरच्या सर्वात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) खोलीच ४० अंशांवर गेली की जोड उघडतो, रात्री थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. खात्री करायची तर हेअर ड्रायर कमी आचेवर, २० सेंटिमीटर दुरून, फार तर मिनिटभर धरा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. दिवा विझताच ते शून्यावर आले तर जोड आत उघडतो आहे. ते तसेच राहिले किंवा वाढले तर शॉर्ट शोधा.

म्हणून एलईडी ओतून टाकू नका. ओतताना त्याच्या जागी तेल लावलेली ३.२ मिलिमीटरची गुळगुळीत धातूची कांडी उभी ठेवा, रेझिन घट्ट झाल्यावर फिरवून काढा आणि एलईडी त्या भोकात सरकवा. नंतर भोक पाडायचे तर पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने), पाण्याचा थेंब टाकत. मशीनचा ड्रिल जोरात फिरवला तर रेझिन तापून मऊ पडते, बिटाला चिकटते आणि भोकाभोवती तडे जातात. भोकाच्या भिंती खरखरीत राहिल्या तर उत्तमच, उजेड पसरतो.

पट्टीचे एलईडी डब्यात घालणाऱ्यांनी उष्णतेचा हिशोब करावा. १२ व्होल्टची, मीटरला ६० एलईडींची साधी ३५२८ (३.५ × २.८ मिलिमीटरच्या एलईडींची) पट्टी मीटरला ४.८ वॅट खाते. २५ सेंटिमीटरच्या डब्यात १.२ वॅट. रेझिन उष्णता फारशी वाहून नेत नाही, आणि साधे इपॉक्सी ५० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. मे महिन्यात तासभर लावलेला डबा मध्यावर झोल घेतो. तीच पट्टी ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवा. करंट १२ व्होल्टच्या मानाने अगदी थोडा उरतो, उजेड मॉडेलला शोभेसा होतो आणि पट्टी गारच राहते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मॉडेल कधीच ठेवू नका, तिथे एलईडी न लावताही झोल येतो.

ओतकामातले दोष जे दिव्याखाली उघडे पडतात

बुडबुडे आणि धुके साध्या उजेडात लपतात, दिवा लागला की प्रत्येक बुडबुडा चमकतो. इथल्या उन्हाळ्यात बरेचदा कारण कूलर असतो. कूलरच्या खोलीत हवा दमट होते. पॉलियुरेथेन रेझिन त्या ओलाव्याशी अभिक्रिया करून फेसाळते, इपॉक्सीच्या वर चिकट मेणासारखा थर येतो. ओतताना आणि पुढचे काही तास कूलर बंद ठेवा. घामाघूम व्हावे लागेल, त्यामुळे ओतकाम पहाटेच करणे शहाणपणाचे. तापमान १० अंश वाढले की इपॉक्सी ओतायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. रेझिनच्या डब्यावर ४० मिनिटे लिहिली असतील आणि ती २५ अंशांची असतील, तर ४५ अंशांना दहाच मिनिटे उरतात. एका वेळी ८ मिलिमीटरपेक्षा जाड थर ओतू नका, आतल्या आत तापून तो पिवळा पडतो आणि तडकतो. पॉलियुरेथेन ओतताना दारे-खिडक्या उघड्या हव्यात, हातात नायट्राइलचे मोजे हवेत आणि वाफेला चालेल असा कार्बन फिल्टरचा मास्क हवा. कापडी मास्कने काही होत नाही.

थ्रीडी प्रिंटरच्या पोकळ मॉडेलमध्ये आत न धुतलेले रेझिन राहिले तर दोन त्रास होतात. काही आठवड्यांनी भिंत आतून तडकते. आणि बंद पोकळीत साठलेल्या वाफा पांढऱ्या एलईडीवरच्या सिलिकोनमध्ये शिरून तो तपकिरी करतात, उजेड हळूहळू मंदावतो. तळात ३ मिलिमीटरची किमान दोन भोके ठेवा, एकातून धुवा, दुसऱ्यातून निथळू द्या, पुढे त्यांतूनच वायर जाईल. ती बूच मारून बंद करू नका. भोकाच्या आत काळा फोम सैल बसवला की उजेड अडतो आणि हवा खेळते. प्रिंट गच्चीवर उन्हात पक्की करत असाल तर काही मिनिटे, बाजू पालटत. दिवसभर ठेवली की पिवळी पडते. मग त्या पिवळेपणाचा दोष एलईडीवर येतो, जो साध्या पांढऱ्या एलईडीचा सहसा नसतो.

ओतलेला एलईडी मेला असेल तर

तो खणून काढायच्या फंदात पडू नका, आजूबाजूचे रेझिन पांढरे होते. तळातून, मेलेल्या एलईडीपासून ४ मिलिमीटर सरकून, खिडकीच्या बाजूला ३.२ मिलिमीटरचे नवे भोक घ्या. जुन्याच्या मागे घेतले तर त्याची काळी सावली खिडकीत पडते. भोक वरच्या पृष्ठभागाच्या ५ मिलिमीटर आधी थांबवा. बिटावर टेपची खूण केली की अंदाज चुकत नाही. नव्या एलईडीच्या पायांना श्रिंक ट्यूब चढवा, एलईडी कोरडाच सरकवा, चिकटवू नका, आणि भोकाच्या तोंडावर काळ्या टेपचा तुकडा लावा. जुन्या वायरी कापताना ५ मिलिमीटर बाहेर ठेवा आणि टोके वेगवेगळी झाका. समांतर जोडणी असेल तर मेलेला एलईडी शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरने आधी बघून घ्या. तळावर परमनंट मार्करने व्होल्टेज आणि रेझिस्टरची किंमत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या मॉडेलला लावणार नाही.